परसात पुरलेले दात

सोनपेठ, सोमवार, १४ बहमन (फसली)

काय करावं कळेनासं झालंय. विहिरींच्या खोदलेल्या मातीतून वर्षभर वेचून मी डबीत ठेवलेले तीन दगडी दात आईनं आज परसात पुरले, वर विभूती टाकून बेल वाहिला. म्हणाली, "आपल्यात मेलेल्याला मातीत ठेवतात, डबीत न्हाई."

उद्या हैदराबादचे भूगर्भखात्याचे साहेब ते दात न्यायला येणार. राक्षसी सरड्याचे आहेत म्हणाले होते. करवतीसारखी धार, म्हणजे मांस खाणारा. उकरावेत? पण आई त्याला समाधी म्हणायलीय.

"काय खायचा रं बिचारा?" तिनं विचारलं. मी म्हणालो, पाला. अंडंही न शिवणाऱ्या बाईला दुसरं काय सांगणार?

चौथा दात माझ्या खिशात होता. धार पुन्हा चाचपली, तर अंगठा कापला. आईनं त्यावरही विभूती लावली अन् विचारलं, "कशानं कापलं?"