फुमिको आजींचं नाव

रविवार, २७ एप्रिल

दुरुस्ती. ३ एप्रिलच्या पानावर मी लिहिलंय, "इसेचं देऊळ पाहून बाहेर आले, मग फोन पाहिला. आबा गेले." हे खोटं आहे. फोन मी आत जाण्याआधी पाहिला. जपानातल्या त्या देवळाच्या लाकडी पुलाच्या अलीकडे, पहिल्या कमानीसमोर. आईचा मेसेज, तीन शब्द. "आबा गेले गं." वाचला, फोन पिशवीत टाकला आणि पूल ओलांडला.

आबांचा नियम : चुकलेलं पुसायचं नाही. वरून एक आडवी रेघ, शेजारी दुरुस्ती, तारीख, सही. मोजणी खात्यातला नियम त्यांनी नातीच्या वहीला लावला. दम्यामुळे आठ वर्षांची होईपर्यंत मी घरीच शिकले. आबा हीच माझी शाळा. इथे परदेशात, वेस्टमीडच्या हॉस्पिटलातल्या लॅबमध्ये पहिल्या दिवशी हाच नियम सांगितला तेव्हा हसू आलं होतं.

चोवीस दिवस ते पान उघडलं नव्हतं. आज रेघ मारली. सही केली.

सोमवार, २८ एप्रिल

सगळं क्रमाने लिहून ठेवते, नाहीतर पुन्हा सोयीचं लिहीन.

देवळात मी माझ्यासाठी गेलेच नव्हते. शेजारच्या फुमिको आजींनी पाठवलं होतं. मार्चमध्ये माझं जपानचं तिकीट निघाल्याचं कळलं तशा कुंपणाशी आल्या, हातात रुमालात बांधलेली जुनी ओफुदा. देवळाची पट्टी ती, पांढऱ्या कागदातली, त्यांच्या घरात उंच फळीवर असते. वर्ष झालं की जुनी परत द्यायची, नवी आणायची. दर वर्षी कुणीतरी जाणारं मिळायचं. आता ओळखीचं कुणी उरलं नाही.

त्यांनीच गोष्ट सांगितली. पूर्वी आजारी माणसं इसेला आपल्या बदली कुत्रा पाठवायची. गळ्यात पिशवी, पिशवीत नाव-गाव. वाटेतले लोक त्याला खाऊ घालायचे, पुढच्या गावापर्यंत सोडायचे. कुत्रा देवाला भेटून, नवी पट्टी घेऊन घरी यायचा.

"So you're my dog, love."

आईला सांगितलं तर ती हातातलं लाटणं घेऊन दारात आली. "तुला कुत्री म्हणाली? आणि तू हसतेस?"

आजींच्या सूचना : रस्त्याच्या मधून चालायचं नाही, मध्य देवाचा. आधी डावा हात धुवायचा, मग उजवा, मग तोंड. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. मागायचं काही नाही. माझं नाव सांग, गिरावीनचा पत्ता सांग आणि थँक यू म्हण. मी विचारलं, कशाबद्दल? "कॉलिनबद्दल. लिंबाच्या झाडाबद्दल. सगळ्याबद्दलच." कॉलिन म्हणजे त्यांचे गेलेले यजमान.

आणि शेवटची. ज्याच्या घरात मृत्यू झालाय त्याने पन्नास दिवस देवळाच्या कमानीखालून जायचं नाही. मी म्हटलं, आमच्यात सुतक दहा दिवसांचं. "Only ten? Lucky you."

म्हणजे मला माहीत होतं. दोन्हीकडचं.

गुरुवार, १ मे

शिफ्ट संपल्यावर वॉर्डात गेले. फु. आजी ईस्टरच्या सुट्टीत अंगणात पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. आमच्याच इमारतीत, वर तिसऱ्या मजल्यावर. आणखी बारीक झाल्यात.

नर्सने विचारलं, नात का? "No, my dog." नर्सने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी हसलो. मग माझा हात धरून, जपानीत लाडाने कुत्री म्हणत, त्यांनी विचारलं, "इनु-चान, माझं नाव नीट सांगितलंस ना? मोठ्याने?"

हो म्हटलं. आल्यापासून तिसऱ्यांदा. आबा देवळानंतर दुसऱ्या दिवशी गेले असंही त्यांना मीच सांगून ठेवलंय.

रविवार, ४ मे

त्यांची किल्ली आमच्याकडे आहे. तुमचे दहा दिवस संपले ना, म्हणून फळीवर रोज पाणी, तांदूळ, मीठ ठेवायला सांगितलंय. मी ठेवत नाही; फळी त्यांची, म्हणून पन्नासच मोजते. आईलाही ठेवता येणार नाही, तिचे सासरे गेलेत. कॉलिन गेले तेव्हा आजींनी फळी झाकायला पांढरा कागद चिकटवला होता, पन्नास दिवस. मी कागद लावत नाही, पाणीही देत नाही. नुसती खाली उभी राहते आणि लिंबाच्या झाडाला पाणी घालून येते.

आज आईला पुलावरचं सांगितलं. मटार सोलत होती.

"शमे, शहाऐंशीव्या वर्षी बाई पडली ती ओल्या फरशीवरून. तुझ्या सुतकामुळे नाही."

मी म्हटलं, तेवढंच नाहीये.

"मग काय?"

मी एक शेंग उचलली. तिने मटाराचं भांडं माझ्याकडे सरकवलं. सोलत बसलो.

रविवार, ११ मे

३ एप्रिलची दुसरी दुरुस्ती. तिथे वाक्य आहे, "फु. आजींच्या वतीने नमस्कार केला." रेघ मारली.

जुनी पट्टी परत दिली, नवी घेतली, हे खरं. मधलं असं. खडीवरून कडेकडेने चालत गेले. नदीत हात धुतले, डावा, उजवा. पायऱ्या चढले. समोर पांढरा पडदा. दोनदा वाकले, दोन टाळ्या वाजवल्या. आणि म्हटलं, आबांना बरं कर.

ते गेल्याचं वाचून अर्धा तास झाला होता. तरी म्हटलं. त्यांचं पूर्ण नाव सांगितलं, पुण्याचा पत्ता सांगितला, पिनकोडसकट. मागे लोक थांबले होते. वाकले आणि बाजूला झाले.

फु. आजींचं नाव घेतलंच नाही. विसरले असं लिहिणार होते. पण पायऱ्यांवर आठवण झाली होती. परत रांगेत उभी राहू शकले असते. वाटलं, आता दुसरं नाव घेतलं तर आबांचं पुसलं जाईल.

पूल उलटा ओलांडेपर्यंत आबा होते. मग फोन काढला.

सोमवार, १२ मे

आईला सगळं सांगितलं. आबांचं मागणं ऐकून पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "त्यांना सांगू नकोस. तुला हलकं व्हायचंय, म्हणून म्हातारीच्या उरावर का ठेवतेस? पुढच्या वर्षी पुन्हा जा, नाव सांगून ये."

"पुढच्या वर्षी त्या असतील?"

"देवाला तोपर्यंत कळणार नाही होय?"

"पत्तासुद्धा सांगायचा असतो तिथे."

"तूही आबांसारखीच," आई म्हणाली. चांगल्या अर्थाने की कसं, कळलं नाही.

गुरुवार, १५ मे

वॉर्डात सुरुवात केली. "फुमिको-सान, त्या दिवशी पुलावर..."

त्यांचा चेहराच उजळला. पूल ओला होता का? थंडीत त्यावर दहिवर साठतं, पाय घसरतो. लहानपणी वडील हात धरून न्यायचे, एका बाजूने जायचं, दुसऱ्या बाजूने यायचं. नदीचं पाणी गार होतं ना? मासे दिसले?

दिसले म्हटलं. मासे खरंच दिसले होते. तेवढं तरी खरं सांगितलं.

शनिवार, १७ मे

फु. आजी आता घरी येणार नाहीत. ब्लॅकटाउनच्या एका नर्सिंग होममध्ये खोली मिळाली, शुक्रवारी तिकडे नेणार. मला म्हणाल्या, बाकी काही नको, ओफुदा तेवढी आण. खिडकीच्या वर ठेवायला मुलीने परवानगी दिली आहे. मुलगी म्हणजे तिथली मॅनेजर, पन्नाशीची असेल.

मग डोळे मिटून म्हणाल्या, "माझं नाव तिथे पोचलंय. आता मी कुठेही राहीन."

जिन्यात थांबले बराच वेळ.

आई म्हणते ते खरं असेल. हे वाक्य मी त्यांच्याकडून काढून घेणार आणि बदल्यात काय देणार?

पण त्यांनी कुत्री पाठवली होती निरोप द्यायला. निरोप पोचला नाही, हे ज्याचा निरोप त्याला कळायला नको? कळलं तर त्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवतील. किंवा मलाच. किंवा तोंड फिरवतील. नाही सांगितलं तर तेही त्यांच्या हातात राहत नाही.

मंगळवार, २० मे

३ एप्रिल धरून आज अठ्ठेचाळीस दिवस. दोनदा मोजले.

संध्याकाळी आई माझ्या खोलीत आली. पांढरं सुती कापड घडी करून आणलं होतं, नवं, न वापरलेलं. "पट्टी यात बांध. वर्तमानपत्रात नेऊ नकोस." दारात थांबून म्हणाली, "सांगशील तेव्हा बसून सांग. उभ्याने नको."

पन्नासावा दिवस गुरुवारी, २२ मेला. सकाळी कामावर जाण्याआधी फळीला हात लावणार, त्याआधी नाही. तीनला शिफ्ट संपते. साडेतीनला तिसरा मजला. खुर्ची ओढून बसायचं. आधी सांगायचं, मग कापड सोडायचं.