कोण गं ही?

ॲन आर्बर
१८ फेब्रुवारी २००६

प्रिय नंदामावशी,

तुला आणि काकांना नमस्कार. इथे बर्फाने उच्छाद मांडलाय. निमिष रोज सकाळी फावड्याने गाडी उकरून काढतो आणि मग कंबर धरून बसतो. माझ्याआधी त्याचंच बाळंतपण करावं लागेल तुला. डिंक आणि अळीव खुशाल आण.

मागच्या आठवड्यात माझे पाय सुजले म्हणून हॉस्पिटलात दाखवायला गेले, तर त्यांनी लगेच घरी सोडलंच नाही. लगेच बेड दिला, लघवी तपासली, पुन्हा पुन्हा बीपी घेतलं. काही निघालं नाही. निमिष म्हणाला, बघ किती काळजी घेतात. मला मात्र त्या काळजीचीच भीती वाटली, कारण तिथली नर्स माझ्या ओळखीची होती.

सोबतच्या फोटोत माझ्याशेजारी हिरव्या साडीत बसलीय ती मोनिक. माझ्या लॅबमधली. दोघींचे दिवस जवळजवळ बरोबरच होते, म्हणून डोहाळजेवणाला मी तिचीही ओटी भरली. नीट बघ तिच्याकडे.

मोनिक गेली, मावशी. मुलगी वाचली, अजून काचेच्या पेटीत आहे. फोनवर तुला हे सांगितलं नाही, कारण तू मला पुढचं बोलू दिलं नसतंस.

मी तुला ज्या मैत्रिणीसाठी फोन केला होता ती हीच. डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे, तोंड सुजलेलं. आपल्या घरात शिंक आली तरी आधी तुला फोन होतो, तसाच मी केला. तू लगेच म्हणालीस, "आत्ताच्या आत्ता घेऊन जा. आणि त्यांनी सोडलं तरी हलू नका." मग विचारलंस, "कोण गं ही? आपल्यातली का?" मी सांगितलं, नाही, इथली काळी मुलगी आहे. तुझा आवाज सैल झाला. "अगं, मग एवढं घाबरू नकोस. ती माणसं मुळात दणकट असतात."

मोनिकला मी फक्त तुझं पहिलं वाक्य सांगितलं आणि गाडी काढली.

त्या नर्सने तिला आधी इन्शुरन्स विचारला, मग बाळाचा बाप बरोबर राहतो का ते विचारलं. मागच्या आठवड्यात मला यातलं काही विचारलं नाही. बीपी एकदाच घेतलं, जरा जास्त आहे म्हणाली, डोकेदुखीची गोळी दिली. मोनिक शांतपणे म्हणाली की मला हे बरोबर वाटत नाही, मला ठेवून घ्या. मीही म्हणाले, माझी मावशी डॉक्टर आहे, तीही हेच सांगतेय. नर्स हसली. "शी इज स्ट्राँग. काही होणार नाही." डॉक्टर दारातूनच मान हलवून गेले. आम्हाला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिला झटके आले.

आता ते म्हणतात, उशिरा आणलं. आदल्या दिवशीच मी आणलं होतं, मावशी.

तेव्हापासून मला सगळ्यांचा संशय येतो. नर्सच्या हसण्याचा, माझ्याशी गोड बोलणाऱ्या डॉक्टरांचा, आणि तुझा. तुझं दुसरं वाक्य मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मग ते त्या नर्सच्या तोंडी कसं आलं? लहानपणी तुझ्या दवाखान्याच्या बाकावर मी गोष्टीची पुस्तकं वाचत बसायचे. आलेल्या बाईला तू आधी विचारायचीस, कुठल्या वस्तीतली? मग काहींना आत घ्यायचीस, काहींना बसवून ठेवायचीस. मला वाटायचं, दवाखान्याची तशीच पद्धत असेल. त्या बसून राहिलेल्या बायकांचं पुढे काय झालं?

मला राग आलाय तुझा. आणि कळा सुरू झाल्यावर तूच उशाशी हवी आहेस, याचाही राग येतो. पण मला हवीय ती "कोण" विचारण्याआधी "आत्ताच्या आत्ता" म्हणालेली. ती येणार असेल तर ये. आलीस की आधी त्या पेटीतल्या मुलीला बघायला जाऊ.

तुझ्या पहिल्या वाक्यावर अजून विश्वास ठेवून असलेली,
उत्तरा