तापमानवाढीच्या अहवालातून एका बाईचे नाव कमी करण्याबाबत

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
तापमानवाढ जनजागृती व मोहफूल वेचणी पास कक्ष,
बेहडाटोला केंद्र, जि. गोंदिया.

विषय : जग तापविल्याच्या अहवालातून नाव कमी होऊन मोहफूल वेचणीचा पास तातडीने मिळणेबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, दि. २७ फेब्रुवारी २०१२.

महोदय,

मी सौ. दुर्पता बिसराम पंधरे, वय ४७, सविनय लिहिते की, जानेवारीत आपल्या शिबिरात साहेबांनी सांगितले, जग तापत आहे आणि त्यामागे मानवी हस्तक्षेप आहे. मग विचारले, मोहाखालचा पाला कोण जाळते. फूल साफ जमिनीवर पडावे म्हणून पाला जाळायची आमच्याकडे रीतच आहे, म्हणून तीसही बायांनी हात वर केले. पुढे चहा झाला व हजेरी झाली. एकोणतीस जणींनी अंगठे दिले. मी कॅलेंडर पाहून पाहून अक्षरे शिकले असल्याने हौसेने पूर्ण नाव लिहिले.

तोच कागद "हस्तक्षेप करणाऱ्यांची यादी" म्हणून वर गेला. अंगठे कोणाचे ते वर कोणाला कळले नाही. त्यामुळे तापमानवाढीस जबाबदार मानव म्हणून अहवालात एकटी मी उरले. सुनावणी २० एप्रिलला आहे व तोवर माझा पास बंद आहे. विहिरीवर शेजारच्या अनुसयाबाईने विचारले, "काऊन वो दुर्पता, एवढ्या जगाले तू एकटीच तापवून राहिली का? माह्या घरचे पापड तर अजून वाळून नाही राहिले."

साहेब, जग तापत नाही असे माझे म्हणणे नाही. उलट त्याचा पुरावा माझ्या घरी आहे. पहिले फूल पडले की मी भिंतीवर गेरूने तारीख लिहिते. सन २००० साली २६ मार्च, २००४ ला २१, २००८ ला १४, आणि यंदा ४ मार्च. सन २००६ ची जागा कोरी आहे. त्या वर्षी सासूबाई गेल्या, झाडाकडे कोणी पाहिले नाही. हे मी आपल्या कार्यालयात सांगितले, तर बाबूसाहेब म्हणाले की भिंतीवर शिक्का नाही, आणि पुरावा मूळ प्रतीत आणावा. भिंत आणायला माझी ना नाही, परंतु मालक तिलाच टेकून बसतात, आणि मागे गाय बांधलेली असते.

पाला जाळला हे कबूल आहे. आगीत कोवळी रोपे जळतात हे शिबिरातच कळले, म्हणून यंदा आम्ही सर्वजणी झाडू घेऊन गेलो. कंबर धरली, पण काडी ओढली नाही. शिबिराचे तीन तास साहेबांची गाडी बाहेर चालूच होती, आतली थंड हवा जाऊ नये म्हणून. कोहमाऱ्याच्या चौकातून दिवसभर ट्रक जातात, त्यांचीही हजेरी कोणी घेत नाही. या तापण्यात माणसाचा हात आहे हे मला मान्य आहे. तो सगळा माझाच आहे, एवढे मान्य नाही.

आमच्या वाट्याची चार झाडे आहेत. पावसाळ्यात घरात दुसरे काही नसते तेव्हा वाळवलेली फुलेच असतात. मार्च सरेल तेव्हा झाडे रिकामी होतील, आणि सुनावणी एप्रिलात आहे. तोवर रोज पहाटे अस्वले येऊन खातात. त्यांना पास लागत नाही.

तरी सुनावणी या आठवड्यात घ्यावी, अथवा फुलांना एप्रिलपर्यंत थांबण्याची नोटीस काढावी, ही विनंती. अस्वलांशी माझे बोलणे होत नाही, त्यामुळे त्यांना कळविण्याची व्यवस्थाही आपणच करावी.

फुले पडत असल्याने घाईत, आपली,
दुर्पता बिसराम पंधरे
दि. ९ मार्च २०१२

सोबत :
१) नोटीसची प्रत.
२) आज पहाटे पडलेली मोहाची फुले, मूठभर. टेबलावर २० एप्रिलपर्यंत ठेवून पाहावीत.