पोह्यांत पडलेला स्क्रू

मुलुंड (पूर्व),
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस, १९८४

तीर्थस्वरूप रामचंद्रदादास,

धाकटी बहीण विमला हिचा नमस्कार. मस्कतचा उकाडा कमी झाला का? वहिनींचा गुडघा आता कसा आहे? इथे सगळे मजेत आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. मी मजेत आहे, शुभा मजेत आहे, आणि तुझे मेहुणे तर इतके मजेत आहेत की त्यांच्या मजेपायीच हे पत्र लिहायची पाळी आली.

मुळात दोष तुझा, दादा. लग्नात यांच्या मनगटावर ते एचएमटी तू बांधलंस. (कानपिळीच्या वेळी कान तुझ्याच हातात होता, तेव्हाच जरा जोरात पिळला असतास तर पुढचं सगळं टळलं असतं.) त्या एकाला सोबत म्हणून दुसरं आलं, दुसऱ्याला करमेना म्हणून तिसरं. आता आमच्या दोन खोल्यांत गणपती बसवायचा तर जागेसाठी माझं डोकं दुखतं, पण चोरबाजारातून आणि रद्दीवाल्यांकडून आलेली ही मंडळी शोकेसमध्ये, गादीखाली, पावडरच्या रिकाम्या डब्यांत ऐसपैस राहतात. कोणाला काटे नाहीत, कोणाला काच नाही. एकाच्या तर पोटात काहीच नाही, नुसती तबकडी. ते बांधून हे खालच्या मजल्यावरच्या धाकूभाऊंच्या नातवाच्या बारशाला मिरवून आले, कारण म्हणे दिसतं रुबाबदार. एवढी घड्याळं, पण किती वाजले हे आमच्या घरात कोणालाही ठाऊक नसतं. मी कुकर लावते तो कारखान्याच्या भोंग्यावर. हे ऑफिसात रोज उशिरा पोचतात आणि वर साहेबांनाच सांगतात, तुमचं घड्याळ पुढे जातंय, द्या इकडे, बघतो. शेजारच्या प्रेमाताईंच्या यजमानांनी गाणं वाजणारं डिजिटल घेतलं, तर हे त्यांच्याशी महिनाभर धड बोलले नाहीत. सेलवर चालतं ते घड्याळच नव्हे, तो ट्रान्झिस्टर, असं यांचं मत आहे.

हे सगळं मी सोसलं असतं (सोसतेच आहे), पण गोष्ट शुभाच्या लग्नापर्यंत आली. घाटकोपरचे बळवंतराव परब, मूळचे आपल्याच बाजूचे. गिरणीत होते, संपानंतर घरीच असतात. मुलगा चंद्रप्रकाश पवईच्या इंजिनियरिंगवाल्यांकडे प्रयोगशाळेत नोकरीला, निर्व्यसनी, दिसायला बरा. अडचण एकच, बळवंतराव. हा माणूस विक्रोळीपासून ठाण्यापर्यंत मुली बघत फिरला, घरोघर पोहे खाल्ले आणि घरोघर 'कळवतो' म्हणून उठला. आजवर कळवलेलं मात्र कोणालाच नाही. म्हणून मी यांना आदल्या दिवशीच बजावलं होतं, की एकच घड्याळ घाला, चालू असलेलं घाला आणि कृपा करून घड्याळांवर बोलू नका. यांनी मान डोलावली. यांची मान छान डोलते, चावी द्यावी लागत नाही.

मंडळी आली, बसली, मी पोह्यांच्या बशा दिल्या. शुभा चहा घेऊन बाहेर आली. सगळे शुभाकडे बघत होते आणि मुलीचा बाप मुलाच्या बापाच्या मनगटाकडे! जुनं स्विस घड्याळ, बळवंतरावांच्या सासऱ्यांनी लग्नात दिलेलं. झालं, शुभाला स्वयंपाक येतो का, शिवण येतं का हे विचारायचं त्यांच्या मंडळींच्या ओठांवरच राहिलं आणि यांनीच बळवंतरावांची तोंडी परीक्षा सुरू केली. चावी सकाळी देता की रात्री? आंघोळीला काढता ना? तो भोळा माणूस बोलून गेला, की हल्ली जरा मागे पडतं. यांनी खिशातून झाकण उघडायचं पातं काढलं (मुलीच्या बघण्याच्या कार्यक्रमाला इतर बाप खिशात रुमाल ठेवतात) आणि तो नको नको म्हणेपर्यंत घड्याळ त्याच्या मनगटावरून उतरवून बशांच्या वरच झाकण उघडलं. काय केलं देव जाणे, आतला एक काळसर बारीक स्क्रू टुणकन उडाला आणि पोह्यांत गेला.

कोणाच्या बशीत, ते कोणालाच दिसलं नाही. त्यात माझा हात मोहरीला सढळ. दादा, मग जे झालं ते कोणाच्या वैऱ्याच्याही मुलीच्या वेळी न होवो. दोन्हीकडची वडीलधारी माणसं बशीत बोटं घालून मोहरी निवडत बसली. हे डोळ्याला भिंग लावून व्याह्यांच्या बशीत वाकले. कृष्णाबाई, म्हणजे मुलाची आई, शेवटी वैतागून म्हणाल्या, "आता काय पोहे चाळणीन चाळूचे?" चंद्रप्रकाश तेवढा मुकाट्याने खात होता. मध्ये एकदा खोकला, रुमाल तोंडाला लावला, आणि पुन्हा खायला लागला. स्क्रू काही सापडला नाही. बळवंतराव उठले, रिकामं मनगट चोळत 'कळवतो' म्हणाले आणि घड्याळ यांच्याकडेच टाकून गेले.

हे खूष! घरात नवीन घड्याळ आलं ना! मी आत गेले तर शुभा मोरीत कप विसळत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, मला आवडला होता गं." त्या दिवशी मी यांची सगळी घड्याळं खाडीत नेऊन टाकणार होते.

पण पुढच्या रविवारी बळवंतराव स्वतःच हजर. घड्याळाची चौकशी करायला, सोबतीला चिरंजीव. स्क्रू मिळाला नव्हता. यांनी तोवर घालायला म्हणून आपल्यातलं एक त्यांना बांधून दिलं (ते उलट दिशेने चालतं की काय अशी मला शंका आहे). त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा आले, मग दर रविवारी यायला लागले. आता दोघे डोक्याला डोकं लावून भिंगातून बघत बसतात आणि हल्लीच्या घड्याळांना नावं ठेवतात. मी कोळंबीचं सार करते, आणि शुभा नि चंद्रप्रकाश गॅलरीत उभे राहून समोरच्या भिंतीकडे बघत असतात. भिंतीत बघण्यासारखं काही नाही. गेल्या रविवारी जेवून उठताना बळवंतराव म्हणाले, दसऱ्याला साखरपुड्याचं बघू. 'कळवतो' वरून माणूस 'बघू' वर आला, हे काय थोडं झालं?

तू दसऱ्याला रजेवर येतोस हे वाचून आनंद झाला. यांनी तुला वेगळं पत्र टाकलं आहे, त्यात स्क्रूचं चित्र काढून मस्कतच्या दुकानांतून तसलाच शोधून आण म्हणून लिहिलं आहे. चित्र चांगलं आलंय, केळ्याएवढं मोठं आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी
विमला

ता. क. जावयाला द्यायला एक घड्याळ मात्र नक्की आण. चावीचंच आण, सेलवालं आणलंस तर दोन्ही सासरे मिळून तुला घरात घेणार नाहीत.

ता. क. स्क्रू अजिबात आणू नकोस. यांना कळव की सगळं मस्कत पालथं घातलं, मिळाला नाही. स्क्रू माझ्याकडे आहे. दुसऱ्या रविवारी चंद्रप्रकाश पाणी प्यायला म्हणून आत आला आणि रुमालाची गाठ सोडून माझ्या हातावर ठेवला. त्या दिवशी त्याच्याच दाताखाली आला होता. मी विचारलं, अरे मग तेव्हाच का नाही बोललास? तर म्हणतो, "काकू, तेव्हा दिला असता तर बाबा घड्याळ घालून, कळवतो म्हणून गेले असते ना." त्याच क्षणी मी त्याला जावई करून टाकला. स्क्रू मिसळणाच्या डब्यात मोहरीत ठेवला आहे. हे रोज सगळं घर धुंडाळतात, पण त्या डब्याला यांनी जन्मात हात लावलेला नाही.

ता. क. साखरपुड्याला मी पोहेच करणार आहे. अंगठ्या घालून झाल्या की बळवंतरावांना मी स्वतः वाढीन. तू त्यांच्या शेजारी बस आणि सावकाश चावायला सांग.