नोंद दुरुस्त करताना

१४ मार्च

वहिनी,

नमस्कार. तू बरी आहेस, शाळेतली नोकरी नीट चालू आहे, भिंगरी आता तुझ्या खांद्याला लागते, एवढं आईकडून कळतं. भिंगरी आजीला फोन करते तेव्हा मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत असते. आईचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. दोन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहायला बसले तर अशी घुटमळतेय. फाडू नकोस. भिंगरीसाठी तरी शेवटपर्यंत वाच.

माझी बदली झाली. सर्जरी वॉर्डातून रक्तस्रावाच्या आजारांच्या विभागात, दादा जायचा तिथेच. आधी तीन आठवड्यांचं ट्रेनिंग आहे. चौदा वर्षं नोकरी झालेली बाई पुन्हा बाकावर बसून वही भरतेय. रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरची पावडर पाण्यात मिसळताना बाटली हलवायची नाही, तळहातांत हळू फिरवायची, नाहीतर फेस होतो. दादा हे किती सफाईने करायचा! दंडाला बांधलेल्या पट्ट्याचं टोक दातात धरून स्वतःची शीर स्वतःच शोधायचा आणि वर मला ऐकवायचा, "सिस्टर, तुमच्यापेक्षा माझा हात हलका." फिजिओथेरपिस्टने सुजलेला गुडघा टेपने मोजायला शिकवला, तेव्हा माझा दोनदा आकडा चुकला.

इथल्या प्रमुख डॉक्टरांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्या आवाज कधी चढवत नाहीत, तरी समोरच्याला घाम फुटतो. गेल्या मंगळवारी त्यांनी वर्गात एक जुनी केस वाचायला घेतली. नाव खोडलेलं होतं.

"पुरुष, वय अडतीस. तीव्र हिमोफिलिया. दुपारी घरी कपाटाचं दार डोक्याला लागलं. फ्रिजमध्ये एका वेळचा फॅक्टर होता, तो घेतला नाही. संध्याकाळी उलट्या, मग शुद्ध हरपली. तिसऱ्या दिवशी मृत्यू. काय चुकलं?"

माझ्या शेजारच्या नर्सने हात वर केला. "बाई, जन्मापासून आजार ओळखणारा माणूस. त्याने कुणाला विचारलं कसं नाही?"

बाईंनी कागद बघितला. "नातेवाइकांनी सांगितलंय, कुणालाही कळवलं नव्हतं."

ते नातेवाईक म्हणजे मी, वहिनी.

त्याने कळवलं होतं. मला. दुपारी दीड वाजता, मी डबा उघडून बसले होते तेव्हा. "अगं, डोक्याला लागलंय. फॅक्टर बाहेर काढून ठेवलाय. घेऊन टाकू ना?" मी विचारलं, रक्त आलंय का, चक्कर, उलटी? म्हणाला, नाही, टेंगूळ आलंय नुसतं. त्या महिन्यात फॅक्टरचा पुरवठा बंद होता, तुला आठवत असेल. मी म्हटलं, "तेवढाच उरलाय, परत ठेव. परवा गुडघा सुजला तर काय करशील? बर्फ लाव आणि पडून राहा." तो म्हणाला, "वहिनीला फोन करू का तुझ्या?" मी म्हटलं, "ती माहेरी आजारी वडिलांच्या उशाशी बसलीय, तिच्या जिवाला कशाला घोर?"

"बरं," म्हणाला.

मला नियम माहीत नव्हता, असं लिहायचं ठरवलं होतं. पण डोक्याला मार लागला की आधी फॅक्टर, मग बाकी सगळं, हे त्याच्या फाईलच्या पहिल्याच पानावर छापलेलं होतं. ती फाईल मी कितीदा हातात धरली असेल. मी नर्स होते ना, मला वाटलं मला कळतं.

भिंगरी शाळेतून आली, त्याला उलट्या होताना पाहून तिने शेजाऱ्यांना बोलावून आणलं. मी इमर्जन्सीच्या दारात पोचले तेव्हा त्याचा मोबाईल माझ्याच हातात दिला गेला. डॉक्टरांनी विचारलं, मी म्हणाले, कुणालाच बोलला नाही. मग बाथरूममध्ये जाऊन तो कॉल पुसून टाकला.

आणि नंतर आई सगळ्यांसमोर तुला म्हणाली, "नवऱ्याला एकटं टाकून माहेरी जाऊन बसलीस, म्हणून गेला माझा मुलगा." तू माझ्याकडे बघितलंस. मी पाण्याचे पेले उचलले आणि आत गेले. तू भिंगरीला घेऊन घर सोडलंस, तरी मी काही बोलले नाही. तू सगळं स्वतःवर घेतलंस, हे मला दिसत होतं. मला ते सोयीचं होतं. याहून सौम्य शब्द सापडत नाही.

वर्ग संपल्यावर मी बाईंना सांगितलं. त्यांनी केसचा कागद पुन्हा उघडला. मग म्हणाल्या, "नोंद दुरुस्त करावी लागेल. लेखी द्या." मी दिलंय. चौकशी होईल, व्हायचं ते होवो. निघताना त्यांनी विचारलं, "त्यांना मुलगी होती ना? तिची तपासणी झाली?"

आता नीट वाच. बापाला हिमोफिलिया असला की तो दोष प्रत्येक मुलीत उतरतो. ती पुढे फक्त मुलाला देते, असं आपण धरून चाललो होतो. तसं नाही. कित्येक मुलींचा स्वतःचाही फॅक्टर कमी असतो. आई म्हणते, भिंगरीची पाळी दहा-दहा दिवस चालते, "वयात येताना होतं असं." आणि सव्वीस तारखेला तिच्या टॉन्सिल्सचं ऑपरेशन ठरलंय. तपासणीशिवाय होऊ देऊ नकोस. सोबत मोठ्या बाईंची चिठ्ठी आहे, ती सर्जनला दाखव. माझ्यावर विश्वास ठेव असं कोणत्या तोंडाने म्हणू? त्यांच्यावर ठेव.

तुझी नणंद


९ मे

वहिनी,

भिंगरीचा घसा आता दुखत नसेल. तिचा फॅक्टर फक्त सव्वीस टक्के निघाला तेव्हा तू खुर्चीचा हात धरलास, ते मी काचेतून पाहिलं. ऑपरेशन इथे झालं, आधी फॅक्टर दिला, तरी सहाव्या दिवशी रक्त आलंच. तिकडे, कुणाला काही माहीत नसताना आलं असतं तर, हा विचार मी पुरा करत नाही. तिला दिलेलं आजाराच्या माहितीचं कार्ड दप्तरात नेहमी असू दे.

आईला सांगितलं. ती पहिल्यांदा म्हणाली, "खोटं बोलतेस, तिला वाचवायला." मी शपथ घेतली. मग उठून आत गेली. तेव्हापासून माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही. तुझ्याकडे यायचं म्हणून दोनदा पिशवी भरली आणि दोनदा रिकामी केली. तुझी माफी मागायचं धाडस तिला होत नाहीये. तू बोलवावंस असं मी म्हणणार नाही.

चौकशीचा निकाल आला. मला विभागातून काढलंय. वर्षभर रुग्णांना हात लावायचा नाही, स्टोअरमध्ये बसायचं. मोठ्या बाई ती केस अजून शिकवतात, दुरुस्त केलेली. मी स्वतःच येऊन सांगू का, असं विचारलं. म्हणाल्या, "अजून नाही."

नऊ दिवस तू इथे होतीस आणि माझ्याशी एकच वाक्य बोललीस. व्हरांड्यात, निघताना. "फोनवर त्याचा आवाज कसा होता?" मी म्हटलं, नेहमीसारखा. तू मान हलवलीस आणि भिंगरीचा हात धरून जिना उतरलीस.

मी पुन्हा खोटं बोलले, वहिनी. हे शेवटचं.

तो घाबरला होता. शब्दाशब्दाला थांबत होता. माझं बोलणं संपल्यावरही त्याने फोन लगेच ठेवला नाही, मी आणखी काही म्हणेन म्हणून. मला ते ऐकू येत होतं. माझं जेवण गार होत होतं, म्हणून फोन मी ठेवला.

तू विचारलंस, म्हणून लिहिलं. उत्तर नको.

ज्याने मला विचारलं, त्याची बहीण