परतीच्या दोन जागा

२४ सप्टेंबर, मंगळवार. कुतैसी विमानतळ.

प्रार्थना करून घर सोडलं. गावातून झौरच्या टॅक्सीने. चौथा माणूस मिळेपर्यंत त्याने गाडी हलवली नाही. गाडी भरल्याशिवाय तो चावी फिरवत नाही, मग आत बसलेल्याचं विमान सुटो नाहीतर लग्नाचा मुहूर्त. रागावलो नाही. या प्रवासात कुणावरही रागवायचं नाही, असा निश्चय आहे.

वळणावरच्या चर्चपाशी झौरने नेहमीसारखं स्टीअरिंग सोडून छातीवर तीनदा क्रूस काढला. आम्हीही काढला. गाडी सरळ राहिली. कृपा.

त्याला सांगून ठेवलं, पाच तारखेला मी परत येतोय, दोन जागा राखून ठेव. दुसरी कुणाची, म्हणाला. म्हटलं मझियाची, दुसऱ्या कुणाची असणार. त्यावर म्हणतो, बायकोला आणायला चाललास की नुसता भेटायला? म्हटलं, आणायला, तिकीट काढलंय तिचं. मागे कुणीतरी खोकलं.

मझिया सात वर्षांपूर्वी इटलीत बारीला गेली, एका म्हाताऱ्या सिन्योराची, म्हणजे तिथल्या बाईसाहेबांची, सेवा करायला. दोन वर्षांसाठी. तेवढ्यात तिच्या पैशातून घराचं छप्पर झालं, मुलीचं लग्न झालं. आता द्राक्षं उतरवायची आहेत आणि यंदा ती घरी असेल. तिकिटाचं तिला अजून बोललो नाही. समोरासमोर सांगायचं. गावात मात्र सगळ्यांना सांगून झालंय, त्यामुळे आता बदलण्यासारखं काही उरलेलं नाही.

त्याच दिवशी, बारी.

विमानतळावरून टॅक्सी. पुढचा दरवाजा उघडला तर सीटवर ड्रायव्हरचं जॅकेट आणि डबा. दोन्ही मांडीवर घेऊन बसलो. तो सारखा मागे बोट दाखवत होता. मी उतरून बॅग मागे ठेवली आणि पुन्हा पुढे येऊन बसलो. मागे कसं बसणार? तो काय माझा नोकर आहे? त्याला अक्रोडाची माळ दिली, द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेली, आमच्या घरची. त्याने वास घेऊन ती खिडकीपाशी ठेवली. उतरताना जॅकेट परत घेतलं आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. भाषा आली नाही तरी माणूस माणसाला ओळखतो.

मुक्काम लोलाकडे. ती शेजारच्या गावची, मझियासोबतच इथे आलेली. मझिया सिन्योराच्या घरीच राहते. तिला गुरुवारी दुपारी सुट्टी आणि रविवारी. बाकी दिवस सिन्योराचे.

लोलाला जॅकेटचं सांगितलं. ती म्हणाली, अहो जुंबेरदादा, इथे पुढे बसतात ते पोलीस नाहीतर ड्रायव्हरची बायको. तुम्ही दोन्ही दिसत नाही.

लोला पूर्वीपासूनच जास्त बोलते.

२६ सप्टेंबर, गुरुवार.

आज सांगायचं ठरलं होतं. स्टेशनसमोरच्या बागेत भेटायचं. तिथे गुरुवारी आपल्याकडच्या सगळ्या बायका जमतात. लोलाने फोन करून टॅक्सी बोलावली आणि दोनदा बजावलं, मागे बसा. मागे बसलो.

या गावात चर्च फार. पहिलं आलं, क्रूस काढला. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि वेग कमी केला. मला बरं वाटलं, इथेही श्रद्धा आहे म्हणायची. दुसरं आलं, तसंच. पुढच्या रस्त्यावर तर ओळीने होती. मी क्रूस काढतोय, तो वेग कमी करतोय. शेवटी आमच्या बाजूने एक म्हातारी भाजीची पिशवी ओढत पुढे निघून गेली. ड्रायव्हर घामाघूम. मझियाचे फोन. येतोय, म्हणालो. येतच होतो.

पोचलो तोवर बायका डबे आवरून उठल्या होत्या. मझिया उभी होती. केस कापलेत, पिकलेले लपवलेत. चांगली दिसते. तिने ड्रायव्हरला विचारलं, त्याने दोन्ही हात उडवून काहीतरी सांगितलं. मझिया हसायला लागली. म्हणाली, त्याला वाटलं तू त्याच्या गाडी चालवण्याला घाबरून देवाचा धावा करतोयस. तो म्हणतो, याहून हळू चालवायला त्याला येत नाही.

सात वर्षांनी तिला हसताना पाहिलं. फोनवर हसणं ऐकू येतं पण दिसत नाही.

सिन्योराची औषधाची वेळ झाली होती. सिन्योराच्या फाटकापर्यंत चालत सोडलं. ती भराभर चालते आता. म्हटलं, एक बोलायचं आहे. म्हणाली, रविवारी बोल, याच बागेत जेवायला भेटू. घाईत सांगण्यासारखी गोष्टच नव्हती ती. म्हणजे जे झालं ते बरंच झालं.

निश्चय: रविवारी लवकर निघायचं.

२९ सप्टेंबर, रविवार.

लवकर निघालो. लोला प्रार्थनेला गेली होती. टॅक्सीला फोन करायचा तर भाषा नाही. आपल्या गावात उभं राहून हात केला की जो थांबेल तो टॅक्सी. केला हात. पांढरी गाडी थांबली, आत सुटाबुटातला माणूस. पत्ता दाखवला. तो घाईत होता, हो हो म्हणाला, मला बसवलं आणि निघाला. पुढेच बसलो. तो काही बोलला नाही, तेव्हाच मनात आलं, इथले लोक हळूहळू मला समजून घेताहेत.

गाडी एका भलत्याच बागेत थांबली. मांडव, लांब टेबलं, पांढऱ्या कपड्यातलं बाळ. बाप्तिस्म्याचं जेवण. त्याला मी बाळाच्या आईकडचा वाटलो असणार आणि आईकडच्यांना बापाकडचा. कुणीच विचारलं नाही. एका आजीने ताटात मासा वाढला. अन्नाला नाही म्हणणं आमच्यात बसत नाही.

मझियासाठी आणलेली घरची वाइन पिशवीत होती. एक मोठं मडकं भरून जमिनीत पुरलंय, ते तिच्या इथल्या पहिल्या वर्षी. ती आली की ते मडकं उघडायचं असं ठरलेलं, म्हणून हा कॅन दुसऱ्या मडक्यातून भरून आणला. बाळ समोर असताना, हातात वाइन असताना, पेला उचलून दोन शब्द न बोलणं पाप आहे. उभा राहिलो. बाळासाठी बोललो, आईसाठी, जे गेले त्यांच्यासाठी, जे लांब आहेत त्यांच्यासाठी. आमच्या भाषेतच. शेवटच्या वेळी ती आजी रडली. फोन वाजत होता. पेला हातात असताना फोन घेत नाहीत.

कॅन रिकामा झाला.

संध्याकाळी मझियाचा फोन. सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, जेवलास ना? बरं झालं. मी केलेलं लोलाला दिलं.

लोला आली, डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, दादा, ती बाकावर बसून वाट बघत होती, आता तुम्ही एकटेच खा. खाल्लं नाही. भूक नव्हती.

चूक कुणाची, याचा विचार केला. त्या माणसाने थांबायला नको होतं.

३ ऑक्टोबर, गुरुवार.

टॅक्सी बंद. मीच ठरवलं तसं. मझियाच इकडे आली, टॅक्सीने. गच्चीतून पाहिलं. मागे बसलेली, खिडकीतून हात काढून ड्रायव्हरला रस्ता सांगत होती. तो काहीतरी म्हणाला, तिनेही काहीतरी म्हटलं, दोघे हसले. उतरून तिने दरवाजा हळू लावला. आपल्याकडे जोरात लावतात.

तिकीट काढून टेबलावर ठेवलं. म्हटलं, शनिवारचं आहे. तिने चष्मा पुसला, तिकीट वाचलं, परत पुसला. म्हणाली, सिन्योराला रात्री कुशीवर कोण वळवणार? म्हटलं, दुसरी कुणीतरी वळवेल. म्हणाली, तिला माझाच हात लागतो. मग म्हणाली, त्या छपराचा पत्रा न् पत्रा मला माहीत आहे जुंबेर, खाली उभी मात्र मी एकदाही राहिले नाही. तिथे येऊन मी काय करू, ते सांग.

म्हटलं, द्राक्षं.

तिने माझ्या शर्टाचं सुटलेलं बटण लावून दिलं. जाताना म्हणाली, शनिवारी सकाळची परवानगी काढते, विमानतळावर मी येते तुझ्याबरोबर.

येते म्हणाली. नाही असं एकदाही म्हणाली नाही, हे नोंदवून ठेवतो. लोलाला सांगितलं तर ती भांडी घासत राहिली.

५ ऑक्टोबर, शनिवार. बारी विमानतळ.

मझिया टॅक्सी घेऊन वेळेवर आली. हातात फक्त पर्स. परदेशात राहून माणूस कमी सामानात प्रवास करायला शिकतो. मीही शिकलोय: कुणी न सांगता मागे बसलो, तिच्या शेजारी. चर्च आलं, क्रूस काढला. ड्रायव्हरने वेग कमी केला नाही. त्याला काय सांगितलंस, विचारलं. म्हणाली, सांगितलं की हा घाबरत नाही, प्रार्थना करतो.

उरलेल्या रस्ताभर तिचा हात माझ्या हातात होता. खरखरीत झालाय, औषधाचा वास येतो.

मी उतरलो, बॅग काढली. ती ड्रायव्हरला थांब म्हणाली. मला वाटलं, मी ट्रॉली आणेपर्यंत. ट्रॉली आणली. काच खाली करून ती म्हणाली, पोचल्यावर फोन कर, आणि मडकं उघड आता, वाइन फार दिवस झाली तशीच आहे. मग ड्रायव्हरला काहीतरी म्हणाली. हळूच म्हणाली, आणि गाडी निघाली.

ट्रॉली मोठी आणली होती, दोन बॅगांची.

पुढच्या विमानाने येईल. आज सिन्योराला सोडून येणं बरोबरही दिसलं नसतं.

त्याच दिवशी, घरी.

झौर कुतैसीला घ्यायला आला होता, जागा राखून. माझ्या मागे बघत राहिला. म्हटलं, मागून येतेय. म्हणाला, मागून म्हणजे पुढच्या विमानाने की पुढच्या वर्षी? मी बॅग डिकीत टाकली. त्याने गाडी बाजारापाशी लावली. दोघे चढले, एक जागा उरली. झौर बाहेर उभा राहून सिगारेट ओढत होता, कुणालाही हाक मारत नव्हता. आतले दोघे घड्याळ बघायला लागले. एक म्हणाला, काका, ती जागा कुणाची आहे का? झौरने माझ्याकडे पाहिलं. नियम त्याचा आहे, पण हो किंवा नाही मीच म्हणायचं होतं.

म्हटलं, दे कुणालाही.

अंडी विकायला आलेली एक बाई चढली. न विकलेल्या अंड्यांचा ट्रे तिने माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, घट्ट धरा हो भाऊ, रस्ता खराब आहे. दरवाजा जोरात लावला.

वळणावरचं चर्च आलं. झौरने स्टीअरिंग सोडलं. सगळ्यांनी क्रूस काढला. माझे दोन्ही हात अंड्यांत गुंतलेले होते.