लाळेचा प्रबंध

सोमवार, ४ मार्च. सकाळी ६ (घड्याळात ८.१०)
आजपासून रोजनिशी. मोठ्या संशोधकांच्या रोजनिश्या मागाहून सापडतात. माझी सापडली तर लोकांचे हाल नकोत, म्हणून सावकाश, सुवाच्य लिहितोय.
नाव हेबर ओलिवेरा. वय ४३. मुक्काम मोंतेविदेओ. औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा असतो, पण ते तात्पुरतं (एकोणीस वर्षं). डेटा अ‍ॅनालिटिक्स आणि अचूक औषधोपचार या विषयात एम.एस्सी. करतोय. दुसरं वर्ष. म्हणजे नियमाने दुसरं, तसं चौथं. युनिव्हर्सिटीने शेवटची मुदतवाढ दिलीय. ऑगस्टअखेर प्रबंध दिला नाही तर नाव कायमचं कमी. 'शेवटची' हा शब्द पत्रात ठळक छापलाय. ऑफिसातल्या लोकांना उगाच घाबरवायची सवय असते.
संकल्प: रोज सहाला उठणे. दोन तास कोडिंग. बेकरीतलं गोड बंद.

मंगळवार, ५ मार्च
सहाला उठलो नाही. गोड होतं ते संपवलं, म्हणजे उद्यापासून घरात नको.

रविवार, १० मार्च
शहराच्या टोकाच्या सेर्रो वस्तीत बाबांकडे जेवायला. निखाऱ्यावरचं मांस नेहमीसारखं फर्स्ट क्लास.
बाबांच्या हृदयाचे ठोके चुकतात, म्हणून ते रक्त पातळ करायची गोळी घेतात. डोस जास्त झाला तर रक्त थांबत नाही, कमी पडला तर गुठळी. त्यासाठी सारखं दवाखान्यात जाऊन रक्त तपासायचं. या माणसाने अख्खी नोकरी मांसाच्या कारखान्यात बैल सोलण्यात काढली, पण सुई दिसली की पाय लटपटतात.
मी त्यांना माझा विषय समजावला. लाळेतून डीएनए काढायचा, त्यावरून ज्याच्या-त्याच्या मापाचा डोस. एकदा थुंकलं की जन्माची सुटका. बाबांनी दोनदा विचारलं, म्हणजे सुई नाही? मी म्हटलं, नाही.
मिर्ता, माझी धाकटी बहीण, तीच त्यांना दवाखान्यात नेते. ती म्हणाली की तुझ्या प्रबंधाचं अजून पहिलं पान नाही, म्हाताऱ्याच्या डोक्यात काही भरवू नकोस, पुस्तकात तरी असं लिहिलंय का की तपासणीच नको? पुस्तकातलं ते प्रकरण माझं वाचायचं राहिलंय. मिर्ता शाळेत गणित शिकवते. तिला विज्ञानातलं काय कळणार.

शुक्रवार, १५ मार्च
माझ्या मार्गदर्शक बेंतांकोर मॅडमना भेटलो. चाळीस माणसांच्या लाळेचे नमुने हवेत. नियम: नळीत थुंकण्याआधी अर्धा तास खायचं नाही, प्यायचं नाही. मॅडमनी हे तीनदा सांगितलं. मी तिन्ही वेळा मान डोलावली. मॅडम स्वीडनला शिकून आल्यात. तिथे माणसं अर्धा तास नुसती बसू शकत असतील.

बुधवार, ३ एप्रिल
बाबांच्या क्लबात गेलो, तिथे बोचा नावाचा खेळ चालतो. सगळे निवृत्त, दिवसभर लाकडी गोळे टाकतात आणि भांडतात. निम्म्यांना बाबांचीच गोळी. सहाजणांना खुर्च्यांवर बसवून सांगितलं, अर्धा तास काही प्यायचं नाही. दहा मिनिटांत तिघं उठून गेले. उरलेल्यांची तोंडं कोरडी, नळीत थेंब नाही. क्लबच्या अध्यक्ष एलिदाकाकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, काय रे हेबर, माणसं बोलावतोस आणि मॅतेचा थर्मास कुठाय? आईने हेच शिकवलं का?
तोंड लपवायला जागा उरली नाही.

गुरुवार, ४ एप्रिल
मार्ग सापडला. गरम पाण्याचा थर्मास, पेला म्हणून पोकळ भोपळा, मॅतेचा (आमच्या कडू चहाचा) पाला आणि ओढायची धातूची नळी घेऊन गेलो. ओतणारा मीच. रीतीप्रमाणे पहिला कडूजार घोट ओतणाऱ्याचा. मग तोच भोपळा भरून एकेकाला, ओढायची नळी सगळ्यांना मिळून एकच. ती पुसायची नाही. पुसली तर समोरच्याचा अपमान. मी दर वेळी आधी स्वतः चाखून पाणी निवलं नाही ना ते बघत होतो. माझ्या मॅतेला शेवटपर्यंत फेस राहतो, हे सेर्रोत सगळे मानतात.
कोणी उठलं नाही. लाळ अशी सुटली की नमुन्याच्या नळ्या भराभर भरल्या. अर्धा तास वगैरे स्वीडनसाठी ठीक आहे. संशोधन लोकांमध्ये मिसळून करायचं असतं.

शनिवार, २० एप्रिल
अशीच मॅते पाजत चाळीस नमुने पूर्ण, बाबांचा धरून. प्रयोगशाळेत पाठवले. मॅडमनी ईमेलवर विचारलं, नियम पाळला ना? उत्तर दिलं: होय, स्थानिक परिस्थितीनुसार.
निकालाला तीन महिने. तेवढ्यात कोडिंग शिकून होईल.

सोमवार, १३ मे
मिर्ताचा फोन. बाबा तपासणीला जायला तयार नाहीत. तारीख आली की म्हणतात, हेबरचा निकाल येऊ दे, मग एकदाच काय ते. मिर्ता म्हणाली, तूच सांग त्यांना, तुझंच ऐकतात.
संध्याकाळी सांगायलाच गेलो होतो. बाबा फाटकापाशी शेजाऱ्याला सांगत होते की आमचा हेबर डीएनएतला माणूस आहे, माझी सुई त्याने बंद केली. आजवर बाबांनी माझ्याबद्दल कुणाला काही सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. फार बरं वाटलं. तपासणीला जा म्हणायला जीभ रेटली नाही. मॅते पिऊन परत आलो.
मिर्ताला कळवलं: धीर धर, विज्ञान वाटेवर आहे.

शनिवार, ८ जून
कोड चालत नाही. लाल अक्षरात काहीतरी येतं आणि थांबतं. लॅपटॉप जुना. शिवाय पाऊस, आणि पावसात तळलेल्या पुऱ्या खाल्ल्याशिवाय डोकं चालत नाही, खाल्ल्यावर झोप येते. तरी प्रबंधाचं ऋणनिर्देशाचं पान पूर्ण केलं. बाबांचं नाव सगळ्यात वर.

सोमवार, २२ जुलै
निकाल आला! एकाही नळीत एकट्याचा डीएनए नाही, सगळी सरमिसळ. आणि चाळीसच्या चाळीस नळ्यांत एक पुरुष समान.
मी थरारून गेलो. एकाच वस्तीतल्या चाळीस माणसांत एकच पुरुष! हा सेर्रोचा मूळपुरुषच असणार, दोनशे वर्षांपूर्वी जहाजातून उतरलेला. मॅडमना लगेच तीन पानी ईमेल केला. लेखाचं शीर्षकही ठरवलं.

बुधवार, २४ जुलै
मॅडमनी बोलावलं. अभिनंदन नाही. माझीच लाळ घेतली. आधी अर्धा तास समोर बसवून ठेवलं, पाणीसुद्धा दिलं नाही.

बुधवार, ३१ जुलै
मूळपुरुष मीच.
मॅडम शांतपणे म्हणाल्या की समितीचा संशय असा की मी क्लबात फिरकलोच नाही, घरी बसून सगळ्या नळ्यांत स्वतःच थुंकलो, वर दोन-चार नातेवाइकांची लाळ मिसळली. मी म्हटलं, नाही हो, मी फक्त मॅते दिली. मॅडमनी डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत.
बाहेर आलो तर मिर्ताचे सात फोन. बाबांच्या नाकातून सकाळपासून रक्त, थांबतच नव्हतं. हॉस्पिटलात नेलं. डोस कधीचा जास्त झाला होता. तपासणीला गेले असते तर तेव्हाच कळलं असतं. मिर्ता मला ओरडली नाही. नुसती म्हणाली, ये. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

गुरुवार, १ ऑगस्ट
बाबांच्या दोन्ही नाकपुड्यांत कापूस. धोका टळलाय म्हणतात. कापसातून बोलले, काय रे, निकाल आला? मी म्हटलं, येतोय. खुर्चीवर बसून राहिलो. इथे नर्सला सगळं कळतं, मिर्ताला सगळं कळतं, मला पाणी आणायला पाठवतात.

बुधवार, १४ ऑगस्ट
चौकशी समिती. साक्षीदार म्हणून एलिदाकाकू अख्खा क्लब घेऊन आल्या. प्रत्येकाच्या बगलेत थर्मास. कॉरिडॉरमध्येच फेरी सुरू झाली.
एलिदाकाकूंनी आत जाऊन माझी बाजू जोरात मांडली. फसवणूक? या पोराने स्वतःच्या हाताने एकेकाला पाजली. प्रत्येक भोपळ्याचं पाणी आधी स्वतः चाखून बघायचा, कुणाचं तोंड भाजू नये म्हणून. ओढायची नळी एकदाही पुसली नाही, इतका संस्कारी. बाकीचे माना डोलावत होते. समितीतले एक गृहस्थ हसू दाबायला खिडकीबाहेर बघायला लागले. मॅडम टेबलाकडे बघत होत्या.
निर्णय तासाभरात. फसवणूक नाही. शुद्ध निष्काळजीपणा. नमुने बाद, प्रबंध बाद, मुदतवाढ नाही, नाव कमी. क्लबवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना फक्त 'फसवणूक नाही' एवढंच ऐकू आलं.

सोमवार, २ सप्टेंबर
बाबांना तपासणीला नेलं. हे काम मिर्ताने आता माझ्याकडे दिलंय. दुसरं काही माझ्याकडे द्यायला कोणी तयारही नाही.
रांगेत बाबांनी परत विचारलं, तुझ्या त्या निकालाचं काय झालं? आता खोटं बोलायचा कंटाळा आला होता. सांगितलं, तुमच्या नळीत तुम्ही आणि मी असे मिसळलोय की तुमचं काय आणि माझं काय ते मशीनला वेगळं करता येईना.
बाबा म्हणाले, हे तू जन्मलास तेव्हाच तुझी आई म्हणाली होती, त्यासाठी थुंकायला कशाला लावलंस.
आत नर्सने सुई काढली. बाबांनी तोंड फिरवलं आणि माझा हात धरला. बैल सोललेला हात, पण गार पडला होता. मीही तोंड फिरवलं. एका मिनिटात झालं. नर्स म्हणाली, पाव गोळी कमी करा, दोन आठवड्यांनी परत या.
बाबा म्हणाले, पाव गोळी? एवढ्यासाठी चार वर्षं शिकत होतास? मी म्हटलं, हो. मग त्यांनी विचारलं, पुढच्या वेळी येशील ना? मी म्हटलं, येईन.
संकल्प: तपासणीच्या दिवशी सहाला उठणे. बाबा म्हणाले, नऊची वेळ घेतलीय, तू उशिरा येणार म्हणून.